दुसऱ्या दाराचे आकडे

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
९ जून २०२५

चि. पुष्कर यास अनेक आशीर्वाद.

तुझे तीन फोन येऊन गेले, मी घेतले नाहीत. रागावू नकोस. फोनवर काय बोलावं ते सुचत नाही. कागदावर निदान थांबता येतं.

तुझे आतोबा जाऊन तीन महिने झाले. मी बरी आहे. जेवते, झोपते. भेटायला येणारी माणसं रडतात आणि मी त्यांना पाणी आणून देते. मला मात्र रडू येत नाही. आत काही हलतच नाही. हे कुणाला सांगू नकोस.

आता कामाचं. त्यांनी घेतलेले मॉलच्या कंपनीचे शेअर माझ्या नावावर झाल्याचं पत्र आलं. फंडाच्या पैशाचा तिसरा हिस्सा त्यात आहे. दोनशे बाराला घेतलेला शेअर आज एकशे अठरावर आलाय. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यातूनच व्हायचं होतं. तू दलालाच्या पेढीवर आहेस, तूच सांग, ठेवू की विकू?

छोटीला पापा. आत्याची आठवण ठेवतोस, तशीच ठेव.

तुझी,
वृंदाआत्या

उल्हासनगर-४
१४ जून २०२५

ती. स्व. वृंदाआत्यास पुष्करचा शि. सा. न. वि. वि.

पोस्टमनने हातात पाकीट दिलं तेव्हा अख्खी पेढी गोळा झाली. त्यांना वाटलं, इन्कमटॅक्सची नोटीस. आत्याचं पत्र आहे म्हटल्यावर सगळे हिरमुसले.

कंपनीचा अहवाल वाचला. मॉलच्या कंपनीचं पोट गाळ्यांच्या भाड्यावर चालतं आणि इथे चारातला एक गाळा रिकामा आहे. कपड्यांच्या मोठ्या दुकानाचा करार पुढच्या वर्षी संपतोय, तो पुन्हा होईल असं दिसत नाही. कर्ज दुप्पट झालंय. आमचे धर्मेशशेठ तर म्हणतात की मॉलमधली गर्दी एसीची असते, धंद्याची नसते. माझं मत विकण्याचं आहे.

एकच कोडं सुटत नाही. आतोबा पेढीवर यायचे तेव्हा खिशात वही असायची. अहवालात काहीही लिहितील, पण पिशवी खोटं बोलत नाही, असं आम्हाला ऐकवायचे. असा पारखी माणूस दोन वर्षं शेअर पडताना बघत कसा बसला? वही असेल तर पाठवा. मला दिसत नाही असं काही त्यांना दिसलं असेल.

जेवणाची हयगय करू नका. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

आपला,
पुष्कर

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
१८ जून २०२५

चि. पुष्कर यास आशीर्वाद.

वही पाठवते आहे. मी ती उघडलेली नाही, कारण तिच्यात माझी लबाडी आहे. ती आधी माझ्याकडूनच कळावी.

एमआयडीसीत चौतीस वर्षं काढली त्यांनी. शुक्रवारची सुट्टी झोपण्यात जायची. कामाशिवाय घराबाहेर पडणं ही त्यांच्या लेखी उनाडकी. मला कधी कुठे नेलं नाही. मग निवृत्त झाल्यावर शेअर घेतले आणि दर शुक्रवारी पाहणी सुरू झाली. खरवईकडच्या त्या मॉलला दोन दारं आहेत. पुढच्या दारासमोर बाकावर ते, मागच्या दाराशी मी. पाच ते सहा. बाहेर पडणाऱ्याच्या हातात पिशवी असली तर डावीकडे रेघ, हात रिकामे असले तर उजवीकडे. माझ्या चिठ्ठीवरचे आकडे ते नंतर वहीत उतरवायचे. नंतर मला एक कुल्फी. स्वतः घ्यायचे नाहीत, माझ्यातली एक चमचा खायचे.

पहिले काही महिने मी खरं मोजलं. मग दुकानं बंद होऊ लागली. मागच्या दाराने तर कुणी येईनाच. खरे आकडे दिले तर हे शेअर विकतील आणि शुक्रवार बंद होईल, ही मला भीती. म्हणून मी बसल्या बसल्या डावीकडे रेघा ओढत गेले. दोन वर्षं, पुष्कर. माझ्या आकड्यांवर विसंबून त्यांनी शेअर ठेवले आणि त्यांच्या कष्टाचा पैसा बुडाला. बुडवला मी, चार चमचे कुल्फीसाठी. हे लिहितानाही मला काही वाटत नाही, याचीच भीती वाटते.

हे वाचून माया आटली तर तसं कळव.

वृंदाआत्या

उल्हासनगर-४
२७ जून २०२५

ती. स्व. वृंदाआत्यास शि. सा. न. वि. वि.

वही दोनदा वाचली. तुमच्या दाराचे आकडे सुरुवातीला त्यांच्या आकड्यांत मिळवलेले आहेत. ऑगस्ट २०२३ नंतर ते नुसते शेजारी उतरवलेत, बेरजेत धरलेले नाहीत. त्या पानावर तळाशी त्यांनी लिहिलंय, ते जसंच्या तसं उतरवतो:

‘वृंदाचे आकडे खरे नाहीत. पार्किंगच्या वॉचमनला विचारले, त्या दाराने इतके लोक जातच नाहीत. हिशोबात धरू नयेत. तिला बोलू नये.’

आणि मागच्या दिवाळीनंतरची एक नोंद:

‘कंपनी बरी नाही. विकायला हवेत. पण विकले तर शुक्रवारी जायला निमित्त नाही. तिचे ऑपरेशन फंडाच्या उरलेल्या रकमेतून होईल, ती मोडायची नाही. सध्या ठेवू.’

म्हणजे आत्या, त्यांना तुम्ही फसवलं नाही. सगळं ठाऊक असून त्यांनी शेअर ठेवले. शेअरबाजारात इतका तोट्याचा आणि इतका समजून केलेला व्यवहार मी पाहिलेला नाही. शेठना वही दाखवली. ते चष्मा पुसत बसले.

विकायचे का, ते आता तुम्ही सांगा. माया आटायला मी काय मॉलची कंपनी आहे?

आपला,
पुष्कर

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
५ जुलै २०२५

चि. पुष्कर यास अनेक आशीर्वाद.

सगळे विकून टाक. मिळेल त्या भावाला. सहीचे कागद सोबत आहेत.

काल शुक्रवार होता. रिक्षा करून गेले. मागच्या दाराशी गेले नाही, त्यांच्या बाकावर बसले. पाच ते सहा चिठ्ठीवर रेघा ओढत खरं मोजलं. एकशे चाळीस माणसं बाहेर पडली, पिशव्या एकोणीस जणांकडे. त्यांचं गणित बरोबर होतं. मग कुल्फी घेतली. एक चमचा त्यांच्यासाठी ठेवला, तो वितळून गेला तेव्हा रडू आलं. चारचौघांत, हमसून हमसून. बाजूच्या बाईने मला पाणी आणून दिलं.

सहा वाजून गेले होते, तरी उठताना उजवीकडे एक रेघ ओढली. ती माझी.

वही परत पाठव. तुझ्या आत्याला अजून शुक्रवारी जायचं आहे.

तुझी,
वृंदाआत्या