पूर्वेच्या भिंतीवर उतरण्याआधी

आधी दुरुस्ती. दोन वर्षांपूर्वी मी केलेल्या मृत्युपत्रात असे लिहिले होते की, माझ्या वडिलांच्या मृत्यूला माझे काका कारणीभूत आहेत; दोर त्यांच्या हातात होता आणि त्यांनी तो सोडला. हे खरे नाही. काकांनी दोर सोडला नव्हता. गच्चीच्या कठड्यातली लोखंडी कडी, जिच्यातून दोर ओवलेला होता, ती भिंतीच्या आत गंजून तुटली. ते जुने मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करते. पण रद्द केल्याने ते वाक्य पुसले जात नाही, कारण काकांनी ते वाचलेले आहे. म्हणून ते सर्वांत आधी खोडले आणि आता पुढे लिहिते.

मी, वय सत्तावीस, अविवाहित, इमारतींची गळती आणि ओल काढण्याचे काम करणारी, याच सात मजली इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर आई आणि काकांसोबत राहणारी, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. झोप लागत नाही, पण त्याने समज जात नाही असे डॉक्टरीणबाईंनी मी मुद्दाम विचारल्यावर सांगितले. कोणी दबाव आणलेला नाही. मी घाबरलेली आहे हेही इथेच नोंदवते, म्हणजे नंतर कोणी ते नव्याने शोधून काढल्यासारखे सांगायला नको.

आमच्या घरात दोरावर उतरणारा माणूस मृत्युपत्र केल्याशिवाय उतरत नाही. आजोबांचे होते, वडिलांचे होते. आई म्हणते, "या घरात लग्नपत्रिका कमी आणि मृत्युपत्रं जास्त." तिला हसू येते तेव्हा ती हे म्हणते आणि रडू येते तेव्हाही हेच म्हणते.

पहिले, घर. वडिलांनी माझ्या नावे ठेवलेला घराचा हिस्सा आईला मिळावा. तिला एकच अट. पूर्वेच्या खोलीतले कपाट भिंतीला टेकवू नये, मागे हात जाईल एवढी जागा ठेवावी. खोली लहान दिसते म्हणून ती ते दर वेळी मागे सरकवते आणि मी दर वेळी पुढे ओढते. मी नसताना ते पुढे ओढणारे कोणी उरणार नाही, म्हणून हे अटीत घातले.

दुसरे, बँकेत जे काही असेल ते आईचे. त्यावर अट नाही.

तिसरे, माझे कपडे आईने ज्यांना होतील त्यांना द्यावेत. कामाचे कपडे कोणाला देऊ नयेत. त्यांना डांबराचा वास आहे, तो जात नाही, आणि घेणारा संकोचाने नाही म्हणू शकणार नाही.

चौथे, अवजारे आणि दोर. हे सर्व काकांना. यात वडिलांची लाकडी मुठीची हातोडीही आली. हिच्या मुठीने भिंतीवर टकटक केली की आतला गिलावा धरून आहे की सुटला आहे ते कळते. जुन्या मृत्युपत्रात मी काकांना काहीही ठेवले नव्हते. उलट, ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार चालतो, म्हणून त्याच कागदावर मी त्यांची साक्ष घेतली. माझा स्वभाव असा की, न वाचता सही करू देणार नाही. त्यांनी माझ्यासमोर सगळे वाचले. चष्मा काढला, सही केली, चष्मा पुन्हा घातला. त्या दिवसापासून ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.

एकाच स्वयंपाकघरात जेवतो. "तिला सांग, मीठ दे," असे ते आईला सांगतात. मीठ माझ्या हाताजवळ असते. मी देते. आई म्हणते, "मला पोस्टात नोकरी लागली, पगार तेवढा नाही."

आता कडीबद्दल, कारण यापुढचे सगळे तिच्यावर टांगलेले आहे.

मला अक्षरे यायच्या आधी वडील गच्चीवर घेऊन जायचे. पेलाभर पाणी कठड्यावर ओतायचे आणि विचारायचे, "आता हे बाहेर कुठून पडणार?" कुठून शिरणार असे कधी विचारले नाही. पाणी शिरणारच, ते म्हणायचे. त्याला निघायला वाट ठेवली की भिंत वाचते. मी बोट दाखवायचे. चुकले की काका मागून हसायचे आणि बरोबर आले की तेच मला खांद्यावर घ्यायचे. माझी शाळा ती.

पूर्वेच्या भिंतीला ओल येऊ लागली तेव्हा सोसायटीने बाहेरचा ठेकेदार आणला. त्याने भिंतीवर वरपासून खालपर्यंत रबरासारखा जाड थर चढवला आणि दहा वर्षांची हमी दिली. वडिलांनी सभेत उठून विचारले, "आता हे बाहेर कुठून पडणार?" लोक हसले. थर इतका चांगला होता की थेंब आत जाणार नाही, असे ठेकेदार म्हणाला. ते खरेच होते. समोरून थेंब गेला नाही. कठड्याच्या माथ्यावरून गेला, थराच्या मागे उतरला आणि तिथेच राहिला. दोन वर्षे त्या पाण्याने कडीचे मूळ खाल्ले. तपासायला वडील खाली उतरले ते त्याच कडीच्या भरवशावर, कारण आजोबांपासून ती तिथे होती आणि बाहेरून रंगवलेली, धडधाकट दिसत होती. घरच्या कडीवर टकटक करून बघावी असे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. परक्या इमारतीत सुचले असते.

मी खाली दारात माणसे अडवत उभी होते. वर पाहिले तेव्हा दोर सैल होताना दिसला. मी एवढेच पाहिले. काकांनी हात सोडला हे मी पाहिलेले नाही; तरीही लिहिले. त्यांचे तळवे सोलून निघाले होते. दोर निसटताना सोलले, असे मी धरून चालले. "कडी तुटली रे, कडी तुटली," असे ते कितीतरी वेळ बडबडत होते. मी ती सबब मानली. आठवड्याभरात सोसायटीच्या सेक्रेटरींनी कठड्यात राहिलेले कडीचे भोक सिमेंटने बुजवून घेतले, पाणी जाऊ नये म्हणून.

गेल्या पावसात आमच्या ओट्यावर छत गळू लागले म्हणून मी कठडा फोडला. आत कडीचे उरलेले टोक सापडले. काट्याएवढे बारीक. बोटांत धरले तर त्याच्या कडेचा भुगा झाला. तेव्हा कळले की, कडी तुटून वडिलांचे सगळे वजन हातांवर आल्यावरही काकांनी दोर धरून ठेवला होता. त्यांचे तळवे धरून ठेवल्यामुळे सोलले.

पाचवे, माझे राग. ठेकेदारावरचा राग मी कोणालाही ठेवत नाही, तो माझ्याबरोबर जाऊ दे. सेक्रेटरींवरचा राग अर्धा सोडते. त्यांच्या बैठकीच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीवर ओलीचा डाग आहे आणि त्यावर ते चित्र लावतात. डाग वाढला की मोठे चित्र आणतात. सध्या तिथे जहाज आहे. ते चित्र काढून भिंतीला वारा द्यावा, एवढी त्यांना विनंती.

उरलेला अर्धा राग का ठेवला ते लिहिते. पाचव्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत त्या भिंतीला पोट सुटले आहे. थराच्या मागे पाणी आणि सुटलेला गिलावा साठला आहे, आणि तो फुगवटा बरोबर प्रवेशदाराच्या डोक्यावर आहे. इमारतीला दुसरे दार नाही. मागच्या आठवड्यात परातीएवढा तुकडा पायरीवर पडला. त्या क्षणी तिथे कोणी नव्हते. मी सेक्रेटरींकडे गेले.

"थराला हात लावला तर हमी जाते," ते म्हणाले. "लोक मला फाडून खातील. निम्म्या घरांनी कर्ज काढलंय त्यासाठी."

"पुढच्या पावसात भिंत खाली येईल, साहेब."

"ठेकेदाराला लिहिलंय मी. तिसऱ्यांदा."

"उत्तर आलं?"

"येईल की." मग हळू आवाजात म्हणाले, "मी काय बायकोला त्या दारातून पाठवत नाही का रोज? मला कळत नाही असं वाटतं तुला?"

ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी दारावर 'येथे उभे राहू नये' अशी पाटी लावली आहे. सगळे तिच्याखाली उभे राहून ती वाचतात.

पुढचा पाऊस सोमवारपासून सांगितला आहे. बांबूची परांची बांधायला कोणी माणूस देत नाही. माझा नेहमीचा दोर धरणारा भिंतीकडे बघून म्हणाला, "ताई, दुसरं कुठलंही काम सांग." म्हणून मी परवानगीशिवाय उतरणार आहे. फुगवट्याच्या खालच्या कडेला आडवी चीर देऊन पाणी सोडणार आहे. पाणी गेले की वजन उतरते, मग सुटलेला गिलावा हाताने, तुकड्यातुकड्याने काढता येतो. चीर देताना सगळा फुगवटा एकदम सुटला तर तो माझ्यासह खाली जाईल. ही शक्यता मी नाकारत नाही. मी सारखा तोच हिशोब मांडते आणि उत्तर बदलत नाही: मी नाही उतरले तर तो दुसऱ्या कोणावर पडेल. तसे झाल्यास माझी शेवटची इच्छा एवढीच की, त्या भिंतीवर पुन्हा तसला थर चढवू नये. साधा गिलावा करावा, कठड्याला वरून टोपी घालावी आणि खाली पाण्याला तोंड ठेवावे.

सहावे, दोर कोण धरणार. आमच्यात उतरणारा मोठ्याने सांगतो, कुठे उतरतो, कशासाठी, आणि वर कधी येतो. धरणारा तेच शब्द परत म्हणतो. त्याने म्हटले नाही तर दोर टाकत नाहीत. जो माणूस माझ्याशी बोलत नाही, त्याला हे कसे सांगायचे? कोणी नसेल तर दोर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधून एकटी उतरायचे मी ठरवले होते. खांब टकटक करून पाहिला आहे, सुका आहे.

काल दुपारी मी या कागदाचा पहिला परिच्छेद आणि कडीचे उरलेले टोक काकांच्या ताटाशेजारी ठेवले. त्यांनी वाचले. टोक तळहातावर घेतले. मग आईला म्हणाले, "तिला विचार, कधी उतरणार."

आई म्हणाली, "तुम्हीच विचारा. मी आजपासून रिटायर."

ते उठून गच्चीवर गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी कठड्यावरून वाकून भिंतीला हात लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरुवार म्हणत असशील तर नको. ओली आहे अजून, पाय सरकेल. दोन दिवस ऊन लागू दे."

मी तिथेच उभी राहून सांगितले, "पूर्वेच्या भिंतीवर, तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरते. चीर देऊन पाणी सोडते. जमलं तर दुपारपर्यंत वर येते."

"जमलं तर, हे मी म्हणणार नाही," काका म्हणाले. "नीट सांग."

"दुपारपर्यंत वर येते."

मग त्यांनी सगळे परत म्हटले. शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा म्हटले, तसे आमच्यात करत नाहीत. भीती गेलेली नाही, त्यांचीही नाही. त्यांची बोटे अजून पूर्ण मिटत नाहीत, म्हणून दोर खांबालाही बांधणार आहोत.

हे मी वाचून, समजून, एकाही खाडाखोडीशिवाय लिहून दिले आहे.

सही, लिहून देणारी.

साक्षीदार पहिली: तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी. त्यांनी सही करण्याआधी विचारले, "तू परत आलीस तर हा कागद फाडायचा ना?" मी सांगितले, नाही, ठेवायचा असतो.

साक्षीदार दुसरे: सोसायटीचे सेक्रेटरी. ते म्हणाले, "ही सही म्हणजे परवानगी नव्हे." मी म्हटले, मी शुद्धीवर आहे, एवढ्याच गोष्टीची ती सही आहे. "तेच तर अवघड जातंय," ते म्हणाले आणि सही केली. त्या दिवशी सकाळपासून दार बंद ठेवून सर्वांना घरातच थांबवून ठेवण्याचे त्यांनी कबूल केले आहे. हे त्यांनी स्वतःहून सांगितले.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर, सातवा मजला.
दिनांक: बुधवार, १६ ऑक्टोबर २०२४.

उतरण्याचा दिवस: शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४, ऊन भिंतीवर आल्यावर.