घोरपडीशी तिसरी लढत

४ मार्च

आज बेकरीवालीने मागून माझा गळा असा आवळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले! मी हार मानून हात आपटला तेव्हा कुठे सोडलं. सर टाळ्या पिटत होते — "झाली बघ घोरपड तयार!"

खरी घोरपड वेगळी. महिन्याअखेर स्पर्धेच्या जाळीदार पिंजऱ्यात जिच्याशी लढायचंय ती. पाठीला एकदा चिकटली की सुटत नाही, म्हणून हे नाव. पहिल्या लढतीत तिने असाच गळा आवळून मला हरवलं. दुसरी मी जिंकले, पण पंचांच्या कौलावर, दोन विरुद्ध एक. निकाल सांगितला तेव्हा अर्धं स्टेडियम ओरडत होतं — चोरी, चोरी!

म्हणून आमच्याच जिममधली ही बेकरीवाली. पहाटे पीठ मळते, संध्याकाळी माझ्यासाठी घोरपड होते. तीही डावखुरी, तितक्याच वजनाची. घोरपडीचा खांदा कधी पडतो, कुठल्या पायावर भार देते — सगळं मीच तिला व्हिडिओ दाखवून दाखवून घोटून घेतलंय.

७ मार्च

वजन उतरत नाही. उकडलेला कोबी बघितला तरी चिडचिड होते. आई म्हणाली, "जेवताना घोरपड, झोपेत घोरपड. पुरुष असती तर एव्हाना लग्न लावून दिलं असतं तुमचं."

मी तोंड वाकडं केलं. मग जिन्यात एकटीच हसले.

१२ मार्च

लढतीच्या फोटोंसाठी मला आणि घोरपडीला समोरासमोर उभं केलं. नाकाला नाक! ती ओठ न हलवता म्हणाली, "दुसरी तुला पंचांनी दिली. तुलाही माहितीये."

तळपायाची आग मस्तकात गेली! सणसणीत उत्तर सुचलं ते बसमध्ये. नेहमीचंच.

खरं सांगायचं तर मला माहीत नाही. ती लढत मी किती वेळा पाहिली! कधी मी जिंकलेली वाटते, कधी ती. हा किडा डोक्यातून काढायचाय. एकदा तिला स्वच्छ हरवायचं, कुणी ब्र काढता कामा नये. बस्स!

१३ मार्च

डोक्यात तिचं तेच वाक्य. दोनदा दात घासले.

१७ मार्च

घोरपडीचा गुडघा गेला! सरावात पाय मुरगळला म्हणे. ऑपरेशन करावं लागणार. ती बाद.

फोन ठेवला आणि जमिनीवरच बसले. वाईट वाटतंय की राग येतोय, काही कळेना. मला अशी अर्ध्यात सोडून जाते म्हणजे काय!

१८ मार्च

आयोजकांना तिच्या जागी कुणीतरी हवंय. त्याच वजनाची, तयारीतली. अशी एकच आहे!

बेकरीवाली टॉवेलला हात पुसत समोर उभी राहिली. "ताई, तू नको म्हणालीस तर नाही खेळणार."

कुठल्या तोंडाने नको म्हणू? "खेळ की!" म्हणाले. मग बाथरूममध्ये जाऊन बादलीला लाथ घातली. अंगठा सुजलाय. माझी प्रत्येक खोड तिला पाठ आहे — माझी डावी बाजू आधी दमते, घाबरले की मान खाली घालते. आपल्याच हाताने पायावर धोंडा!

आता एका जिममध्ये दोघी नकोत. उद्यापासून ती दुसरीकडे सराव करेल.

२१ मार्च

ती कुठे जाते ते कळलं. घोरपडीकडे! ऑपरेशन पुढे ढकलून बाई खुर्चीत बसते, पाय स्टुलावर, आणि हिच्यावर खेकसते. सरांना आधीच माहीत होतं, पण मिठाची गुळणी धरून बसले होते.

चिडायला हवं होतं. पण मला केवढा हुरूप आला! म्हणजे घोरपडीने मला सोडलं नव्हतं. आज सराव झकास झाला. लाजच वाटते लिहायला.

२९ मार्च

हरले. दुसऱ्या फेरीत. गळाच!

बेकरीवाली जिंकून माझ्याच गळ्यात पडून रडली — "ताई, जोरात लागलं का गं?"

मग कपडे बदलायच्या खोलीत घोरपड कुबड्या टेकत आली. बसली नाही. म्हणाली, "हिला शिकवायचं म्हणून आपली दुसरी लढत पहिल्यांदा पाहिली. आजवर धीर झाला नव्हता. तू जिंकली होतीस."

हे ऐकायला मी किती तळमळले! आणि तोंडातून निघालं काय?

"गुडघा कधी बरा होतोय?"