जवाची चार पोती

आई,

धान्य कसं राखायचं ते मला तू शिकवलंस. त्या शिकवणीचं इथे ओमानमध्ये काय झालं, ते आता तुलाच सांगायचं आहे. गेल्या शुक्रवारपासून माझं डोकं बधिर झालं आहे. दुकानात उभा असतो, गिऱ्हाईक दोनदा विचारतं तेव्हा ऐकू येतं. देवापुढे दिवा लावतो, स्तोत्राची पहिली ओळ म्हणतो आणि तिथेच थांबतो.

तू होतीस तेव्हा मी खाबुरा गावातल्या ज्या जनावरांच्या खाद्याच्या दुकानात होतो, तिथेच अजून आहे. गवताच्या पेंढ्या, कोंडा, हलका खजूर आणि जव. जवाला इथे शईर म्हणतात. मालकाला आम्ही अर्बाब म्हणतो, तो आता म्हातारा झाला आहे. सकाळी काठी टेकत येतो आणि गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसतो. तेवीस वर्षांत त्याने माझ्या हातातलं पोतं कधी उघडून बघितलं नाही. नवा माणूस कामावर आला की माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "ये बोला मतलब खलास." म्हणजे मी सांगितलं की विषय संपला. या परक्या मुलखात माझा जो काही मान आहे, तो त्या एका वाक्यावर उभा आहे. आमच्या गोदामातल्या धान्यात टोके, किडे का होत नाहीत, असं शेजारच्या दुकानदाराने विचारलं तर अर्बाब हसून सांगतो, "इसका अम्मा का काम." तुला त्याने कधी पाहिलं नाही, पण ओळखतो.

मी नऊ वर्षांचा आहे. वैशाखाचं ऊन आहे, अंगणात ज्वारी पसरली आहे आणि तू उकिडवी बसून एक दाणा दाढेखाली धरतेस. कट् असा आवाज आला तरच तो कणगीत जाणार. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला आणि चाळलेली राख बाजूला ठेवली आहे. मी शाळेतून येतो, हातपाय धुतो आणि मलाही दाणा पारखता येतो हे दाखवायला तसाच ओला हात कणगीत घालतो. पाठीत असा धपाटा बसतो की डोळ्यांपुढे काजवे. "ओल्या हातानं शिवतोस? वरसाचं पोट हाय ते!" मग तूच माझा हात पदराला पुसतेस आणि कोपरापर्यंत आत घालतेस. "काय लागतंय?" "गार." "गार म्हंजे बरं हाय. गरम लागलं की समज, धान्य आजारी पडलं."

त्यानंतरच्या एका साली कौल सरकून कणगीच्या तळाची ज्वारी भिजली आणि आंबली. ओढ्याच्या पलीकडे हातभट्टी लावणारा तो माणूस दारात आला. "वैनी, तुमाला तर फेकायचीच हाय. मी नेतो की." तू खाली बसून ज्वारी उपसत होतीस, वर बघितलंसही नाही. "खतात जाईल, पर तुझ्या मडक्यात न्हाई." ती सगळी ज्वारी तू पाट्या भरभरून खड्ड्यात पुरलीस आणि त्या दिवशी जेवली नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, आपल्या हातनं अन्न नासलं, एक दिवस पोटालाही कळू दे. ते मी विसरलो नाही. आठवण ठेवायची म्हणून नव्हे, ते माझ्यात मुरलंच होतं.

अक्काचा मुलगा, तुझा नातू, इथे मस्कतला आहे. तू गेलीस तेव्हा तो शाळेत होता. आता इंजिनिअर आहे, कुरुमला ऑफिस आहे, दोन वर्षांपूर्वी लग्न झालं, बायको गुणी आहे. रमझानची ईद झाली आणि त्याचा फोन आला. "मामा, तुमच्या दुकानात जव असतो ना? सालासकट, चांगल्यातला? मला चार पोती हवीत." मी म्हटलं, "चार पोती? दुकान काढतोस की काय?" तो म्हणाला, "घरीच ठेवायचीत हो. आणि मामा, ठेवायची कशी तेही सांगा. इथे दमट असतं, किडे होतात म्हणे."

आई, त्या क्षणी मला काय वाटलं हे मी लपवत नाही. दोन माणसांच्या घराला दोनशे किलो जव कशाला, हा प्रश्न कुणालाही पडला असता. मला पडला नाही, कारण आपल्याकडे वर्षाचं धान्य भरणं म्हणजे घर चांगलं चाललं असल्याची खूण. इथली आपली मुलं पिठाची पाच किलोची पिशवी आणतात, संपली की दुसरी आणतात. त्यांतला एक जण पोत्यांनी धान्य मागतो, ते राखायचं कसं म्हणून विचारतो. मला वाटलं, सातूचं पीठ करत असतील, डॉक्टरने सांगितलं असेल. विचारलंही नाही. अर्बाबला मात्र ठासून सांगितलं की भाच्याच्या घरी खायला हवा आहे. त्याचे डोळे चमकले. "शईर खाता है बच्चा लोग? हमारा अम्मा भी शईर का रोटी बनाता था. इसका पैसा नहीं लेगा मैं. खाने का चीज़ है, बरका है." बरका म्हणजे आपली बरकत. आणि त्याने स्वतः काठीने टोचून त्या खेपेतली सर्वांत चांगली पोती मला दाखवली.

मी तो जव चाळला, गोदामाच्या गच्चीवर तीन दिवस वाळवला, दाढेखाली धरून पाहिला. दुकानामागच्या लिंबाचा पाला सावलीत वाळवून गाठोडं बांधलं. पिकअपमधून सगळं मस्कतला नेलं आणि झाकणाच्या पिंपांत पाल्याचे थर घालून भरून दिलं. पिंप भिंतीला चिकटवू नकोस, खाली फळी घाल, एसीचं पाणी जवळ येऊ देऊ नकोस, आणि ओल्या हाताने कधी शिवू नकोस. तो मोबाइलवर सगळं लिहून घेत होता. त्याची बायको म्हणाली, "मामा, तुम्ही क्लास का नाही काढत?" परत येताना सगळा रस्ता मी तुझ्याशीच बोलत आलो.

नवरात्राच्या पहिल्या शुक्रवारी मस्कतच्या देवळात गेलो आणि तिथून फुलं-प्रसाद घेऊन त्यांच्याकडे. जव कसा राहिला ते बघू, म्हणून मागच्या खोलीचं दार उघडलं. खोलीत अंधार, एसीचा गारवा. जमिनीवर तीन मोठे ट्रे, त्यांत ओलं गोणपाट आणि त्यावर जव पसरलेला. प्रत्येक दाण्याला पांढरे कोंब फुटलेले. माझ्या अंगावर काटा आला. पोराने घट बसवला होता! इथे शेतातली माती कुठून आणणार, म्हणून गोणपाटावर रुजवण घातली असेल, कलश मांडायचा राहिला असेल, सात धान्यं मिळाली नसतील, अशी सगळी उत्तरं माझी मीच दिली. चपला बाहेर काढल्या, आत गेलो, तिन्ही ट्रेंवर दोन-दोन झेंडूची फुलं वाहिली आणि गुडघे टेकून नमस्कार केला. मागे दोघं येऊन उभी राहिली होती. तिने तोंडाला ओढणी लावली. "मामा, ते ना..." "असू दे," तो पटकन म्हणाला, "असू दे, छान झालं." मला वाटलं, लाजतोय. संध्याकाळी अक्काला फोन करून सांगितलं की तुझ्या लेकाने आईचा वारसा चालवला. ती रडली गं.

दसरा कामाच्या दिवशी आला. म्हणून दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पुन्हा गेलो. घटाचे तुरे घ्यायचे होते, टोपीत खोवायला. तू माझ्या टोपीत खोवायचीस तसे. तो सामान आणायला गेला होता, ती स्वयंपाकघरात होती. मी खोलीत गेलो तर ट्रे रिकामे, धुऊन भिंतीला उभे केलेले. कोपऱ्यात एक नवं पांढरं पिंप, झाकणाला भोक पाडून नळी बसवलेली, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत, आणि बाटलीत बुड बुड बुड. पिंपाला हात लावला. गरम होतं. आई, मला दुसरं काही सुचलंच नाही. धान्य भिजलं, आतल्या आत तापलं, पोरांना कळलं नाही, एवढंच डोक्यात आलं. झाकण उचकटलं आणि तू शिकवलास तसा हात कोपरापर्यंत आत घातला.

फेस होता. खाली कोमट पाणी. दाणा एकही नाही. हात बाहेर काढून नाकाजवळ नेला आणि तो ओढ्यापलीकडचा वास आला. चाळीस वर्षांनी, तोच.

"मामा! हात घातलात?" तो दारात पिशव्या घेऊन उभा होता. "अहो, त्यात हात नाही घालायचा! सगळा बॅच गेला!"

"काय आहे हे?"

"बिअर आहे मामा. घरी केलेली. फर्स्ट टाइम जमत होती." मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणला. "विकत नाही हो मी. मित्रमित्र पितो. माझ्याकडे परमिट आहे, दुकानातली आणू शकतो, पण ही कशी... दाण्यापासून आपण स्वतः केलेली."

"परमिट प्यायचं की गाळायचं?"

त्याने पिशव्या खाली ठेवल्या.

"पोलीस आले तर? पोत्यावर आमच्या दुकानाचा शिक्का आहे. अर्बाबला बोलावतील, माहीत आहे?"

"कोण येतंय मामा..."

"आणि ते घट?"

"त्याला मॉल्ट म्हणतात. जव रुजवून मग भाजायचा, तरच ही होते." तो जमिनीकडे बघत होता. "तुम्ही नमस्कार केलात तेव्हा मला सांगायचं होतं. नाही सांगवलं. तुमची फुलं काढून ठेवलीत, टाकली नाहीत. फ्रिजवर आहेत."

त्याच्या बायकोने टॉवेल आणून दिला. मी हात पुसला. हसावं की रडावं ते तिला कळत नव्हतं, मलाही नाही. मी ओरडलो नाही. ओरडायला आधी राग यावा लागतो, आणि मला नुसता धक्का बसला होता, पायरी चुकल्यावर पाय हवेत राहतो तसा. मी काय केलं होतं? दारूच्या कच्च्या मालाला पाल्याचे थर दिले होते, त्याच्यापुढे डोकं टेकलं होतं, अर्बाबच्या आईच्या भाकरीचं धान्य ओढ्यापलीकडे पोचवलं होतं. तेही तुझ्या हाताने. भट्टीवाल्याला तू नासकी ज्वारी दिली नव्हतीस, मी निवडून, वाळवून, अव्वल जव दिला.

त्याने माझ्यासमोर पिंप बाथरूममध्ये ओतलं. कुरकुर केली नाही. उरलेला जव, एक भरलं पिंप आणि थोडा, मी मागितला. तो म्हणाला, "घ्या मामा. पण एकही किडा नाही झाला बघा. तुम्ही सांगितलं तस्संच ठेवलं होतं."

शनिवारी सकाळी जवाची पोती पिकअपमधून उतरवत होतो. अर्बाब खुर्चीत बसला होता. बरोबर तीच गोष्ट झाली, जिच्या भीतीने मी रात्रभर जागा होतो. "क्या है? शईर वापस?" म्हणाला. मी ठरवून गेलो होतो की खरं सांगायचं. तेवीस वर्षं त्याने माझं पोतं उघडलं नाही, त्याला मी बंद पोतं देऊ शकत नव्हतो. पण खरं सांगितलं असतं, तर त्याच्या मनातून मी उतरलो असतोच, वर त्या पोराचं इथलं राहणं, नोकरी, संसार सगळं एका म्हाताऱ्याच्या रागावर टांगलं गेलं असतं. तो रागावला असता का, तेही मला माहीत नाही. कदाचित नुसता गप्प बसला असता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"जास्ती हो गया, अर्बाब," मी म्हटलं. "बाकी गाय को डालेगा."

"बच्चा लोग खाया?"

"खाया."

"अच्छा हुआ? बरका हुआ?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय असता तर मी बोलून टाकलं असतं. नव्हता. मी छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "अल्हम्दुलिल्ला." म्हणजे अल्लाचे आभार. तो खूश झाला, त्यानेही तोच शब्द उच्चारला आणि नव्या माणसाला हाक मारून म्हणाला, याला पोती उतरवायला हात लाव.

तुला वाचता येत नव्हतं. माझी इथली सगळी पत्रं अक्का तुला मोठ्याने वाचून दाखवायची, मधे मधे आपलंही घालायची, हे मला पुढे कळलं. हे पत्र तिच्या हाती देता येणार नाही. तिच्या देव्हाऱ्यात आता लेकाच्या घटाचा फोटो आहे, मीच पाठवलेला. आणि दुसरं कुणी वाचून दाखवणारं नाही. म्हणून हे इथेच, दुकानाच्या वहीत राहील, नंतर पान फाडीन.

एकच सांगायचं उरलं. खोटं मी याआधीही बोललो आहे, तुझ्याशीही. पण देवाचं नाव मधे घालून कधी बोललो नव्हतो. परवा बोललो. ते नाव आपल्या देवाचं नव्हतं, म्हणून मला जरा सोपं गेलं.