मामाच्या कॅसेटमधला आवाज

नवघर, भाईंदर (पूर्व)
१४ जानेवारी, संक्रांत

ती. गुणवंतमामांना,

वाकून नमस्कार. आईने तिळाचे लाडू केलेत. उद्या ती चेण्याला येईल तेव्हा घेऊन येईल, आणि हे पाकीटही तिच्याच पिशवीत असेल. बाबांचा गुडघा आता बरा आहे, ते कामावर जायला लागलेत. तिळगुळातलं 'घ्या' एवढंच या वर्षी माझ्याकडून. पुढचं जमणार नाही.

रविवारी धर्मादादांच्या चाहत्यांच्या मंडळाच्या सभेत तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारलंत, "स्वाती, हो की नाही तेवढंच सांग. तुला दादांचा हा अल्बम आवडला का?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही. घरी येऊन तो पुन्हा ऐकला, स्पीकरवर ऐकला, कानात घालून ऐकला, तरी नाही.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. जन्मभर मी तुम्हाला 'तू' म्हणत आले, आज 'तुम्ही' लिहितेय. आपल्या घरात राग आला की असंच करतात. आजी करायची, तुम्हीही करता.

सभेत तुम्ही होतातच, मग मी ती पुन्हा का लिहिते? कारण बोलताना तुमची पाठ धर्मादादांकडे होती. मी त्यांच्या समोर होते.

मंडळातल्या रोहितने मोठा स्पीकर आणला होता. पहिलं गाणं संपायच्या आतच टोमणे सुरू झाले. नाथाकाका म्हणाले, "आवाज मिक्सरमधून काढल्यासारखा येतोय. चटणी केलीय दादांची." लोक हसले. रोहित म्हणाला, "काका, तुम्ही मोबाईलवर ऐकता, तुम्हाला काय कळणार? चांगला हेडफोन लावा, बेस बघा."

"बेस बघू की दादांना ऐकू?"

"तुम्हाला खरखर ऐकायची सवय लागलीय. क्लीन साउंड आला की पोटात दुखतं."

"क्लीन? अरे, पत्र्याच्या डब्यात बसवून गायला लावलंय माणसाला."

मग कोणी म्हणालं, पेटी नीट ऐकूच येत नाही. कोणी म्हणालं, असला अल्बम काढण्यापेक्षा गप्प बसायचं होतं. ज्यांची चटणी झाली ते दादा कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, हातात चहाचा कप होता, आणि त्या कपात ते असे बघत होते की जणू त्यात काही पडलंय.

तेव्हा तुम्ही उठलात. मला वाटलं, मामा आता सगळ्यांना झापणार. मिठागरात राबणाऱ्या घरातला माणूस स्वतः गाणी लिहितो, स्वतः चाली लावतो, पेटी घेऊन स्वतःच गातो, हे मला तुम्हीच सांगितलंत. तुमच्या दुकानातून भरलेली दादांची कॅसेट नवघर-गोडदेवच्या घराघरांत होती, हे तर तुम्ही दर गणपतीत सांगता. आणि तुम्ही काय म्हणालात?

"दादा, राग मानू नका. पण हा आवाज तुमचा नाही. तुमचा आवाज माझ्या कॅसेटमधे आहे. वय झालं, आवाज उतरला, ते कोणाच्या हातात नसतं. पण मशीनने वर चढवून आम्हाला फसवू नका."

टाळ्या पडल्या. मी म्हटलं, मामा, दादा इथेच बसलेत. तेव्हा तुम्ही मला ते 'हो की नाही' विचारलंत. वर म्हणालात, "ग्रॅज्युएट झालीस म्हणून नवे कान आले का गं?" सगळे पुन्हा हसले. माझा पदवीचा फोटो तुमच्या दुकानात मोबाईलच्या कव्हरांच्या मधोमध लावलाय. आमच्या घरातली पहिली, म्हणून गिऱ्हाइकांना दाखवता. त्याच तोंडाने हे बोललात.

त्याचाही राग आहे, नाही असं नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही.

दादांचा मुलगा भूपेश तेव्हा एक वाक्य बोलला होता. "काका, त्या कॅसेटची पहिली टेप घरात सापडलीय, स्टुडिओत भरलेली. ती लावून बघू या का?" तुम्ही त्याला बोलूच दिलं नाहीत. "ती नको. ओढली गेली असेल, स्लो वाजेल." ती टेप तुम्ही तीस वर्षांत पाहिलेली नाही. ती स्लो वाजेल हे तुम्हाला कसं कळलं, असा प्रश्न मला त्या वेळी पडायला हवा होता.

सोमवारी मी गोडदेवला दादांच्या घरी गेले. दादा भिंतीकडे तोंड करून पडले होते. येत्या रविवारी होणारा आपला सत्कार नको, अल्बम सगळीकडून काढून टाक, असं त्यांनी भूपेशला सांगितलं होतं. भूपेशने अजून काढला नव्हता, संक्रांत होऊ दे म्हणून टाळत होता. मी पायाशी बसले. दादा म्हणाले, "तुजा मामा खरा बोलला. पांढरी दोनमधी गायचो मी. आता काळी एकच्या वर न्हाय जात. माजं मन सांगतं, आधीपण काळी एकच होती. पन मानूस इसरतो, टेप न्हाय इसरत."

पेटीवर काळी एकच्या अगदी शेजारची, अर्धा सूर वरची, ती पांढरी दोन. तुम्हीच शिकवलंत.

बाहेरच्या खोलीत भूपेशने मला सांगितलं, की त्याने सगळी गाणी काळी एकमधेच भरली होती. ती ऐकून दादा म्हणाले, लोकांना जुना आवाज पाहिजे, तर तो दे. म्हणून त्याने तुमची कॅसेट समोर ठेवली आणि कॉम्प्युटरवर दादांचा आवाज तेवढा वर चढवला. "पत्रा त्याच्यामुळे येतोय गं. मला पण ऐकू येतो. पण बाबा ऐकतायत कुठे."

"आणि पहिली टेप?"

"ती खरंच स्लो आहे. ताणली गेलीय. म्हणून तर तुझ्या मामाची कॉपी घेतली."

मी म्हटलं, लाव तरी. मामा, त्या रेकॉर्डिंगमधे जी पेटी वाजलीय ती अजून त्यांच्या घरात आहे. पेटी जुनी झाली तरी तिचे सगळेच्या सगळे सूर मिळून अर्ध्या सुराने खाली सरकत नाहीत. भूपेशने टेप लावली, मी पेटीची काळी एक दाबली. दोन्ही सूर एकमेकांत बसले. मग त्याने तुमची कॅसेट लावली. तीच पेटी, तेच गाणं, पण आता मला पांढरी दोन दाबावी लागली.

भूपेशने कॅसेट थांबवली. "म्हणजे टेप स्लो नाही. कॅसेट पळतेय."

घरी आले तेव्हा आई तीळ भाजत होती. लग्नाआधी ती तुमच्या काउंटरवर बसायची, म्हणून सहज विचारल्यासारखं कॅसेटचं विचारलं. तिला हसूच आलं. "अगं, शेवटचं गाणं कॅसेटमधे मावायचंच नाही, अर्ध्यात तुटायचं. लोक भांडायला यायचे. मग तुझ्या मामाने कॉपी करायच्या मशीनच्या मागच्या भोकात बारका स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि वेगाचा स्क्रू दिला फिरवून. गाणं जरा पळायचं, पण पुरं बसायचं. वर गिऱ्हाईक म्हणायचं, तुमच्या दुकानातला धर्मा जास्त तरुण वाटतो. मग तो स्क्रू त्याने कधी मागे घेतलाच नाही." हसता हसता तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "का गं, काय झालं?"

शेवटचं गाणं तुटू नये म्हणून तुम्ही स्क्रू फिरवलात. खोटं कशाला बोलू, हे ऐकून मला तुमच्याबद्दल माया वाटली. दुसऱ्या कोणी तुटकंच विकलं असतं.

पण त्यापुढचं काय? पुढे मी लहान असताना गोडदेवच्या जत्रेत दादांनी कॅसेटमधल्यासारखी पांढरी दोन लावली आणि दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज फाटला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तुम्ही पहिल्या रांगेत होतात, मी तुमच्या मांडीवर. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं की हा माणूस कोणाशी बरोबरी करायला जातोय. स्वतःशी नाही, तुमच्या स्क्रूशी. उठून एक शब्द सांगायचा होता. घरी येताना तुम्ही म्हणालात, "संपला माणूस." त्यानंतर दादा स्टेजवर चढले नाहीत. मंडळ मात्र वाढत गेलं, आणि तुम्ही त्याचे अध्यक्ष झालात, कारण खरा आवाज तुमच्याकडे होता.

तुम्ही विसरला असाल असं मी स्वतःला खूप समजावलं. विसरलेला माणूस "ती टेप नको" म्हणत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. अल्बममधली गाणी चांगली आहेत. मिठाच्या वाफ्यात सावली बघत बसणाऱ्या बाईचं जे गाणं आहे, तसं दादांनी पूर्वी कधी लिहिलं नव्हतं. पण आवाज ऐकवत नाही, नाथाकाका खोटं बोलले नाहीत. आवडला म्हणाले तर त्या पत्र्याला हो म्हटल्यासारखं होतं. नाही म्हणाले तर दादांना नाही म्हटल्यासारखं होतं, आणि त्यांनी तर तो आवाज तुम्हाला खूश करायला चढवून घेतला होता. तुम्ही मंडळींनी ज्याला फसवणूक म्हटलंत, ती तुमचीच फर्माईश होती.

आई म्हणाली, "आधी मामाला विचार. मोठा आहे तो." मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही मला जवळ बसवून समजावलं असतं, बाई, जाऊ दे, म्हातारपणी कशाला त्यांना त्रास, आणि मला ते पटलं असतं. तुमचं मला नेहमी पटतं. म्हणूनच हे पत्र तुमची परवानगी मागायला नाही. उद्या तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढ्यासाठी आहे.

आज सकाळी मी लाडू घेऊन गोडदेवला गेले. दादांना उठवून बसवलं, पेटी त्यांच्यापुढे ठेवली. भूपेशला आधी पहिली टेप लावायला सांगितली. दादांनी काळी एक दाबली आणि टेपबरोबर गुणगुणायला लागले. आवाज जाड झालाय, धाप लागते, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कुठेही त्यांना सूर शोधावा लागला नाही. मग तुमची कॅसेट लावली. स्क्रूचं सांगितलं. शेवटचं गाणं तुटायचं तेही सांगितलं, कारण तेही खरं आहे.

दादा म्हणाले, "मंग मी उतरलोच नव्हतो."

पेटीचा भाता मिटवून, पट्टा लावून त्यांनी विचारलं, "कोनी केला?"

मी तुमचं नाव सांगितलं.

ऐकायला तुम्हीच शिकवलेली,
स्वाती