अंगुस्तानाच्या मापाची गाडी आणि अर्धी भिंत

लिहून ठेवणारी मी, वय एक्याऐंशी, धंदा शिवणकाम (आता बंद) आणि रेल्वे (चालू). माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, पण ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन माझ्याशी दोन वाक्ये बोलावीत, दाखला वाचायची गरज उरणार नाही. मला कोणी धमकावलेले नाही, फसवलेले नाही, गोड बोलून सही घेतलेली नाही. गोड बोलणारे या घरात कोणी नाहीच.

शाळा माझी चौथीपर्यंत. म्हणून मजकूर माझा आणि 'सदरहू', 'उपरोक्त' वगैरे जिथे येईल ते वकिलांचे. वकील म्हणाले, "आजी, थोडक्यात लिहा." मी म्हणाले, थोडक्यात जगले असते तर थोडक्यात लिहिले असते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात तोंडी केली असतील ती सगळी रद्द समजावीत.

कलम १. बँकेत जे काही निघेल त्यातून आधी डॉक्टर, मग विजेचे बिल भागवावे. उरेल ते मुलाने आणि मुलीने निम्मे निम्मे घ्यावे. फार उरणार नाही, तेव्हा भांडायला सवड काढू नये.

कलम २. शिवणाचे मशीन मुलीला. पाहुण्यांसमोर तिने एकदा "आई हल्ली खेळण्यांत रमते" असे सांगितले होते. मी आतल्या खोलीत होते, बहिरी नव्हते. मशीनमध्ये दोरा घालायला तिने आधी शिकावे आणि मग माझ्या खेळण्यांबद्दल बोलावे. कात्रीही तिलाच. त्या कात्रीने कागद कापलेला मला चालणार नाही, मेल्यावरसुद्धा.

कलम ३. घर. म्हणजे घराचा अलीकडचा अर्धा भाग : स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि लांब खोलीचा माझ्याकडचा तुकडा. हे मुलाला आणि सुनेला मिळून. यातून भिंत वगळली आहे. भिंतीचे पुढे सांगते, कारण सगळे तिथेच अडले आहे.

कलम ४. रेल्वे. हे वकिलांनाही नीट कळले नव्हते, म्हणून मुळापासून सांगते.

आमचे हे चुनखडीच्या खाणीवर फिटर होते. खाणीपासून भट्टीपर्यंत अरुंद रुळांची गाडी होती, नॅरोगेज. धाकटा दीर तिथेच सुतार, डबे आणि मालाच्या वाघिणी दुरुस्त करायचा. कंपनीने गाडी बंद केली आणि रूळ उपटून भंगारात घातले, तेव्हा दोघे भाऊ कितीतरी दिवस जेवताना एकमेकांशी बोलले नाहीत. घरात मयत झाल्यासारखे. मग एके दिवशी माझे अंगुस्तान हरवले, शिवताना बोटात घालायचे ते. अख्खे घर पालथे घातले. सापडले कुठे, तर लांब खोलीतल्या टेबलावर, एका पत्र्याच्या नळकांड्यावर डाग देऊन पक्के बसवलेले.

"हे काय?"

"बॉयलर. आणि वर घुमट. अगदी तसाच आहे, बघ ना."

"आणि मी शिवू कशाने?"

"दुसरं आणतो."

दुसरे आले ते सहा महिन्यांनी, तेही ढगळ. इकडे पहिल्यावरून सगळी रेल्वे निघाली. घुमट एवढा, तर चाक केवढे. चाक एवढे, तर दोन रुळांत अंतर केवढे. मग डबा, दार, ड्रायव्हरची टोपी. दुकानात मिळणाऱ्या गाड्यांची मापे ठरलेली असतात, त्यातले एकही आमच्याशी जुळत नाही. त्यामुळे डबे जोडायचा साधा आकडासुद्धा विकत मिळाला नाही, प्रत्येक वस्तू घरी केली. छोट्या रेल्वेगाड्या करणाऱ्यांच्या हौशी मंडळाचे चिटणीस एकदा मोजपट्ट्या घेऊन आले. दिवसभर ओणवे राहून मोजत होते. शेवटी कंबर धरून म्हणाले, "आजी, हे माप जगात कोणाकडे नाही."

मी म्हणाले, "बरं झालं. चोरीची भीती नाही."

माणूस भला आहे. पण त्यांना ही गाडी मंडळाच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवायची आहे. ती देणार नाही. गाडी काचेत ठेवायची तर मलाही शेजारी ठेवा, दोघी सारख्याच धावू. त्यांना माझे पत्र्याचे आणि पुठ्ठ्याचे सगळे साचे द्यावेत, म्हणजे जगात निदान दोघांकडे हे माप होईल.

इंजिन मी पुष्कळदा उघडले. यांचे डोळे गेल्यावर कानस आणि सोल्डरिंगची कावी माझ्याकडे आली. चाके मी बदलली, चौकट बदलली, धुराडे दोनदा नवे केले. आता त्यात यांचा फक्त घुमट उरला आहे, आणि तोही मूळचा माझाच.

एक खोड मात्र मला काढता आली नाही. इंजिन चावीचे आहे, आत घड्याळाची स्प्रिंग. अंगुस्तानाच्या मापात मोठी स्प्रिंग मावत नाही. एकदा चावी दिली की गाडी माझ्याकडच्या फलाटावरून निघते, पलीकडच्या फलाटापर्यंत जाते आणि दमते. परत यायची तर पलीकडे कोणीतरी चावी द्यायला लागते. म्हणून चाव्या दोन आहेत. एक माझ्याकडे. दुसरी भिंतीपलीकडे, माझ्या जावेकडे.

कलम ५. जाऊ. हिला मी धाकटी म्हणते, सगळेच म्हणतात, जरी आता तिलाही नीट चालता येत नाही.

मी माझ्या आईच्या आजारपणात माहेरी गेले होते. परत आले तर गाडीचे तिन्ही डबे हिरवे. खाणीच्या गाडीचे डबे लाल होते, हे खाणीतल्या खेचरांनाही ठाऊक होते. मी विचारले, हे कोणी केले?

"मी," धाकटी म्हणाली. "लाल रंग संपला होता, जाऊबाई. आणि हिरवा कसा खुलून दिसतो."

"खुलून? गाडी आहे का नवरी?"

तिथून जे सुरू झाले ते रंगावरून भांड्यांवर, भांड्यांवरून माहेरांवर गेले. भावाभावांचे काहीही बिनसले नव्हते. आमचे आवाज सहन होईनात म्हणून त्यांनी घराची वाटणी केली आणि लांब खोलीच्या मधोमध भिंत घालायची ठरवली. गवंडी आला. त्याने टेबलाकडे पाहून विचारले, "मग गाडी कुठून जाणार?"

दोघे भाऊ एकदमच म्हणाले, "बोगद्यातून!"

तेव्हा माझ्या ध्यानात आले. दोघांना कधीपासूनच बोगदा हवा होता. आम्ही बायकांनी भांडून तो मिळवून दिला.

डबे धाकटीच्या वाटणीला गेले, इंजिन माझ्या. एकट्या डब्यांचा उपयोग नाही, एकट्या इंजिनाचाही नाही. त्यामुळे भिंत झाल्यापासून आम्ही एकमेकींच्या दारात पाऊल ठेवले नाही, आणि गाडी मात्र एक दिवस चुकली नाही. आधी दीर गेले, मग आमचे हे गेले. त्यानंतर दोन्ही चाव्या आम्हा दोघींच्या हातात आल्या. मी बोगद्याला तोंड लावून म्हणते, "सोडते." ती म्हणते, "येऊ दे." परत येताना ती म्हणते, "सोडते," मी म्हणते, "येऊ दे." याला बोलणे म्हणत नाहीत. हे रेल्वेचे काम आहे.

फक्त गेल्या वर्षी एकदा गाडी गेली आणि परत आली नाही. मी हाक मारली, उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारली. मग चप्पल न घालता पुढच्या दाराने तिच्या घरात गेले. धाकटी न्हाणीघरात पडलेली, खुबा मोडलेला. मला पाहून पहिले वाक्य काय म्हणावे? "इंजिन फलाटावरच आहे, जाऊबाई. चावी द्यायची राहिली."

मी म्हणाले, "तू आधी स्वतःला चावी दे."

ती दवाखान्यात असेपर्यंत दोन्हीकडच्या चाव्या मी दिल्या. इकडून गाडी सोडायची, रस्त्याने फिरून तिकडे जायचे, तिकडून सोडायची, फिरून इकडे यायचे. लोकांना वाटले म्हातारीला फेऱ्या मारायला डॉक्टरांनी सांगितले आहे.

कलम ६. भिंत. माझा मुलगा आणि धाकटीचा मुलगा या दोघांनी मिळून ठरवले आहे की आता भिंत पाडायची. मुलगा मला समजावायला बसला.

"आई, किती वर्षं झाली. आता तरी पाडू या. काकू आणि तू एकत्र बसाल."

"एकत्र बसून काय करू? तिचं तोंड बघू?"

"अगं, हवा येईल, उजेड येईल. मोठी खोली होईल."

"आणि बोगदा?"

"भिंतच नसली तर बोगदा कशाला लागेल?"

हाच मुद्दा आहे, आणि तो पोरगा आपल्या तोंडाने बोलला. भिंत नसली तर तो बोगदा राहत नाही, नुसता टेबलावरचा रूळ राहतो. टेबलावर रूळ कोणीही घालते.

म्हणून लिहून ठेवते : सदरहू भिंतीचा माझा अर्धा भाग, म्हणजे माझ्याकडचा गिलावा आणि त्यामागे जितक्या विटा माझ्या निघतील तितक्या, मी एकट्या सुनेला देत आहे. मुलाला नाही. सून औषधांच्या दुकानात उभी राहते, पायांवर सूज घेऊन घरी येते. धाकटी दवाखान्यातून आल्यावर माझ्या बोटांचा जोर गेला आणि चावी फिरेना, तेव्हा एक दिवस तिने येऊन माझ्या हातातून चावी घेतली, फिरवली, परत दिली आणि पोळपाट पुसायला गेली. तेव्हापासून रोज देते. तिने कधी विचारले नाही, मी कधी आभार मानले नाहीत, त्यामुळे आमचे जमले. माझ्याकडची चावीही तिलाच. कानशी, कावी, वस्तू पकडायचा लहान व्हाइस आणि तेलाची पिचकारी तिलाच. चावी उजवीकडे फिरवायची, कट्ट आवाज आला की थांबायचे. तिला माहीत आहे, पण कागदावर असावे.

पण अर्ध्या भिंतीने भिंत उभी राहत नाही. उरलेली अर्धी धाकटीची. तिने ती आपल्या मुलाच्या हवाली केली की माझे हे सगळे लिहिणे पाण्यात, आणि गाडीही. म्हणून मी ठरवले होते की धाकटीला साक्षीदार करायचे. सही केली की पुढे तिला म्हणता येणार नाही, मला ठाऊक नव्हते. मागच्या आठवड्यात गाडी सोडायच्या आधी बोगद्यातून विचारले.

"अगं, ऐकतेस का? मृत्युपत्राला साक्षीदार पाहिजे. सही करायला ये."

"मी नाही सही करणार."

"का? मोडला होता तो खुबा. हात शाबूत आहे ना?"

"साक्षीदाराला त्यातलं काही मिळत नाही म्हणे. विचारा तुमच्या वकिलाला."

भिंत झाल्यापासून या बाजूचे तिने काही मागितले नव्हते, तेलाचा थेंबही नाही.

"काय पाहिजे तुला?"

"मला काही नको. पण सही करणार नाही."

कलम ७. यास्तव, माझ्यामागे इंजिन धाकटीला द्यावे, घुमटासह. ते राहायचे तिच्याकडच्या फलाटावर, पण रोज एक फेरी इकडे करायची. इकडे सून चावी देईल. धाकटीनंतर इंजिन कोणाला, हे तिने तिच्या कागदात लिहावे. मी तिच्या कागदात नाक खुपसणार नाही, फक्त स्प्रिंग कोणाला सांभाळता येईल ते घड्याळजीला विचारून लिही म्हणावे.

कलम ८. डब्यांचा रंग. डबे हिरवे आहेत. ते चूक आहे, आणि चूक आहे हे मी या कागदावर कायमचे नोंदवून ठेवते. तरीही माझ्यामागे कोणी ते लाल करू नयेत. चूक कोणाची होती ते दिसत राहिले पाहिजे.

कलम ९. माझ्यामागे काय करायचे ते मुलाला सांगितले आहे. रडायचे असेल त्याने स्वयंपाकघरात रडावे. लांब खोलीत पाणी सांडले की रूळ गंजतात.

हा सगळा मजकूर आज दोन्ही साक्षीदारांसमोर मी बोगद्याशी बसून मोठ्याने वाचला. कलम सहा झाले, पलीकडे सामसूम. कलम सात झाले, नाक शिंकरल्याचा आवाज आला. कलम आठला मात्र लगेच उत्तर आले, "लाल बरा दिसला नसता."

मी म्हणाले, "ते राहू दे. तुझ्या अर्ध्या भिंतीचं काय?"

"ते कधीच सांगितलंय मुलाला. भिंतीला हातोडा लावलास तर घराची आशा सोड म्हटलं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

हे वकिलांनी कागदावर घेऊ नका म्हटले. मी घेतले आहे.

सही : माझी, वाकडी आहे, पण माझीच.

साक्षीदार पहिला : गवंडी, ज्याने भिंत बांधली. भिंत सरळ आहे, असेही तो सांगतो.

साक्षीदार दुसरा : कोपऱ्यावरचा घड्याळजी, ज्याच्याकडून स्प्रिंगा येतात. याला मी काही दिलेले नाही, म्हणून त्याची सही चालते.

सह्या झाल्यावर सुनेने चावी दिली. मी म्हणाले, "सोडते."

पलीकडून : "येऊ दे."

तारीख : ९ मार्च, मंगळवार. साल वकिलांच्या शिक्क्यात आहे.

ठिकाण : भिंतीच्या अलीकडे.