जी, एक्स, वाय

वेंटवर्थव्हिल, सिडनी
८ नोव्हेंबर २०२०

प्रिय चित्रलेखाकाकू,

तुम्ही मला ओळखत नाही. मी मधुवंती, तुमच्या लीनाची मैत्रीण. तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. दिवसभर घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. तोच माझा पेशा. इथून टाकलेलं पत्र पुण्याला कधी पोचेल याचा सध्या काही भरवसा नाही, म्हणून हे हाताने लिहून त्याचे फोटो तुमच्या फोनवर पाठवतेय. अक्षर बरं काढायचा प्रयत्न आहे.

एप्रिलमध्ये सगळे घरात अडकलो तेव्हा आमच्या भागातल्या मराठी घरांच्या ग्रुपवर मी एक खेळ सुरू केला. सकाळी मी इंग्रजीतली तीन अक्षरं द्यायची, आणि ती तिन्ही ज्यात येतात असा लांबात लांब इंग्रजी शब्द संध्याकाळी सातपर्यंत ज्याने-त्याने पाठवायचा. नियम एकच: कुठल्याही वेबसाइटची मदत घ्यायची नाही. नियम माझाच होता.

लीनाचे बाबा, आमचे नरेंद्रकाका, सुरुवातीला नुसते वाचायचे. मे महिन्यात एकदा त्यांनी शब्द टाकला तो थेट सोळा अक्षरी. मग रोजच. आम्ही सात-आठ अक्षरांत घुटमळत असताना काका कुठल्यातरी आजाराचं, नाहीतर हाडाचं नाव आणून ठेवायचे. खाली एका ओळीत त्याचा अर्थ असायचा, सोप्या मराठीत. आमच्यातल्या शिरीषने त्यांचं नाव 'डॉक्टरकाका' ठेवलं. ते काही डॉक्टर नाहीत एवढंच मला ठाऊक होतं. ते काय होते, हे मी कधी विचारलं नाही. रोज डायरी लिहिणारी बाई मी. त्या चार महिन्यांत काकांचे शब्द त्यात उतरवून घेतले आणि त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही.

चौदा सप्टेंबरची अक्षरं होती जी, एक्स, वाय. शिरीषने 'गॅलक्सी' पाठवला. मी 'ऑक्सिजनेशन' दिला, अकरा अक्षरं. सातला पाच मिनिटं असताना काकांचा शब्द आला, 'ऑक्सिहीमोग्लोबिन'. चौदा. त्या दिवशी पहिल्यांदाच खाली अर्थ नव्हता. मी लिहिलं, "काका, अर्थ सांगाल का?" बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "विचारून सांगतो. आज जमेलसं वाटत नाही." त्यावर शिरीष म्हणाला, "कोणाला विचारणार काका, गूगलआजोबांना?" आणि हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी हसले नाही. मी त्याहून वाईट केलं. मी लिहिलं की नियम सगळ्यांना सारखे आहेत, ज्याचा अर्थ आपल्याला माहीत नाही तो शब्द आपला नव्हे, सबब आजचा शब्द बाद. पहिला नंबर 'ऑक्सिजनेशन'चा, म्हणजे माझाच. काकांनी "सर्वांना नमस्कार" एवढं लिहिलं आणि ग्रुप सोडला.

माझी एवढी खात्री कशामुळे होती, ते तुम्हाला सांगायलाच हवं. अक्षरं देण्याआधी मी रोज सकाळी एका वेबसाइटवर ती टाकून बघायची. अक्षरं कठीण नाहीत ना याची खात्री करतेय, असं मी स्वतःला सांगायची. नंतर त्याच यादीतून स्वतःचा शब्दही उचलू लागले. पहिला कधीच नाही, तिसरा किंवा पाचवा, म्हणजे संशय नको. त्या सकाळी 'ऑक्सिहीमोग्लोबिन' त्या यादीत मी पाहिला होता. संध्याकाळी काकांनी नेमका तोच पाठवला, तेव्हा मला वाटलं, हेही माझ्यासारखेच. चोराने चोर पकडल्याचं समाधान असतं ना, तसलं काहीतरी. पण काका चोर नव्हतेच. ते समाधान माझ्या डायरीत त्या तारखेला लिहिलेलं आहे, मी ते खोडलेलं नाही.

तीन आठवड्यांनी इथल्या किराणा दुकानाबाहेरच्या रांगेत लीना भेटली. दोघींच्या तोंडावर मास्क, मध्ये दीड मीटर. ती म्हणाली, "आई घरी आली गं, अकरा दिवस ऑक्सिजनवर होती." मला काहीच माहीत नव्हतं. मग रांग पुढे सरकेपर्यंत तिने सगळं सांगितलं. काका अडतीस वर्षं छापखान्यात कंपोझिटर होते, डॉक्टरीच्या पुस्तकांसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवायचे. ते शब्द त्यांना अर्थाने नाही, बोटांनी पाठ आहेत. आणि त्याच छापखान्यात तुम्ही प्रुफं तपासायचा, अडलेला प्रत्येक शब्द कोशात बघून ठेवायचा. फेब्रुवारीत नात झाली म्हणून काका एकटे आले, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन राहिलं होतं म्हणून तुम्ही थांबलात, आणि विमानं बंद पडली. तेव्हापासून रोज दुपारी काका तुम्हाला फोन करून माझी तीन अक्षरं सांगायचे. शब्द ते काढायचे, अर्थ तुम्ही. चौदा सप्टेंबरला दुपारी त्यांना तुमच्याऐवजी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा फोन आला होता.

आणि मी अर्थ विचारला होता.

दुसऱ्याच दिवशी मी काकांकडे गेले. ते अंगणात बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. मी फाटकापाशीच उभी राहिले आणि यादीसकट सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "अगं, खेळ तो. त्यात काय एवढं! आणि तिसरा शब्द का उचलायचीस? पहिला उचलायचास की." मी घरी येऊन ग्रुपवरही सगळं लिहिलं. शिरीषचा मेसेज आला, "मधुवंतीताई, तू पण?" मग थोड्या वेळाने दुसरा, "काकांना मी स्वतः जाऊन भेटतो." तो गेलाही, हातात मिठाईचा डबा घेऊन. पण काका काही परत आले नाहीत. दर दोन-चार दिवसांनी मी विचारते, ते म्हणतात, बघू.

काल मी जरा हट्टालाच पेटले, तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तुमचा पहिला प्रश्न होता, "आजची अक्षरं काय?" तुम्हाला धड श्वासही घेता येत नव्हता. त्यांना खोटं ठरवलं गेलं हे अशा वेळी तुमच्या कानावर घालायला नको, म्हणून ते म्हणाले, तो खेळ बंद झाला. "आता चालू आहे म्हटलं, तर ती विचारणार, मग मध्ये बंद का झाला होता? माझी एक चूक आजवर तिच्या नजरेतून सुटलेली नाही." म्हणजे माझ्यामुळे त्यांच्यावर तुमच्याशी खोटं बोलायची वेळ आली, आणि त्या खोट्यापायी तुमचा दोघांचा रोज दुपारचा खेळ गेला. मी विचारलं, "मी कळवू का काकूंना?" ते बराच वेळ बाळाचे मोजे सारखे करत बसले. मग म्हणाले, "तुझं अक्षर बरं आहे का? तिला गिचमिड चालत नाही." मी हीच परवानगी समजले, चुकत असेन तर तोही दोष माझाच. काकू, खेळ बंद झालेला नाही. विमानं कधी सुरू होतील ते माझ्या हातात नाही, पण एवढं आहे. आज दुपारी काकांचा फोन येईल, तेव्हा त्यांच्या आधी तुम्हीच विषय काढा. चौदा सप्टेंबरचा पहिला नंबर मी डायरीत दुरुस्त केला आहे, तुमच्या दोघांच्या नावावर; अर्थाची जागा अजून कोरी ठेवली आहे. आणि उद्याची अक्षरं आहेत पी, एच, टी. मी यादी पाहिलेली नाही.

तुमचीच,
मधुवंती