जीपच्या मागची दोन नावे

मखमलाबाद, नाशिक
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. (शेवंतीचे क्रेट बाजारात देऊन आत्ताच आलो. हात दोनदा साबणाने धुतले आहेत. तरी कागदाला डिझेलचा वास आला, तर तो कालचा समजावा.)

तीर्थस्वरूप हिरामणमामांस, भाचा कुंदनचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही खुशाल. तुमची तब्येत, मामींचा गुडघा आणि चाळीतला कांदा ही तिन्ही टिकून असतील अशी आशा आहे. रुद्र आणि सायली कसे आहेत? (त्यांची चौकशी मी एरवी शेवटी करतो. आज आधी केली, त्याला कारण आहे.) फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही ‘मुद्द्याचं बोल’ म्हणता आणि माझा मुद्दा नेहमी शेवटी असतो. कागद मध्येच बोलत नाही. नांदगावकडे जाणाऱ्या भाजीच्या गाडीवर हे देत आहे, संध्याकाळपर्यंत मिळेल.

काल आई, अण्णा आणि मी सायखेड्याला मुलगी पाहायला गेलो होतो. हे पाचवे स्थळ. आधीच्या चारही ठिकाणी मुलीच्या वडिलांनी ‘कळवतो’ म्हणून निरोप दिला, आणि त्या शब्दाचा अर्थ आता आईला एवढा पाठ झाला आहे की तो कानावर पडताच ती चपला शोधू लागते. मुलगा बारावीत अडकलेला, त्यात फुलशेती, आणि लोकांना हवा नोकरीवाला जावई. म्हणून आईने ठरवले की या वेळी चारचाकीतून उतरायचे. चारचाकी आपली नाही, मामांची आहे, भाऊबीजेला त्यांनी ती आपल्याकडे फुलांच्या खेपांसाठी ठेवली आहे, दाखवण्यासाठी नाही, हे मी सांगून पाहिले. आई म्हणाली, “माझ्या भावाची ती माझीच.” तुमच्या बहिणीपुढे कोणाचे किती चालते हे तुम्हाला मी सांगायला नको.

जीप जाताना उत्तम चालली. वाटेत दोनदा थांबून मी पाणी, ऑइल आणि अण्णांचा सदरा पाहिला, तिन्ही जागेवर होते. सायखेड्यात उतरताच तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी केल्या. गाडी गिअरमध्ये ठेवली, चाकाला दगड लावला, आणि तिसरीबद्दल पुढे लिहितो. चौथी सूचना, म्हणजे जुनी गाडी नेहमी उतारावर लावावी, ही मात्र पाळता आली नाही. त्यांचे अंगण तव्यासारखे सपाट आहे. उतार आहे तो एकच, आणि तो सरळ गोदावरीत जातो.

मुलीचे वडील धनराजभाऊ हे द्राक्षबागायतदार. बसता बसता त्यांनी विचारले, “गाडी कोनाची म्हनायची?” अण्णा खोटे बोलत नाहीत, म्हणून ते पोह्यांकडे बघत राहिले. आई म्हणाली, “आमचीच, घरची.” मुलीचे नाव निकिता. तिने मला एकच विचारले, की सकाळी किती वाजता उठता. मी पावणेचार म्हणालो, आणि तोडलेली शेवंती उन्हाआधी बाजारात का पोहोचावी लागते हे सविस्तर सांगितले. (जरा जास्तच सविस्तर. आईने दोनदा पाय दाबला.) ती हसली. शेवंतीला हसली की मला, ते कळले नाही. मामा, मला मुलगी पसंत पडली. हे वाक्य आधी कच्च्या कागदावर लिहून पाहिले, तिथेही ते बरोबरच वाटले.

मग धनराजभाऊ ‘कळवतो’ म्हणाले. आईने चपला शोधल्या. नमस्कार झाले, आम्ही जीपमध्ये बसलो, मी किल्ली फिरवली, आणि काहीच झाले नाही. नुसती टकटकसुद्धा नाही. निरोप घेतलेल्या पाहुण्यांनी अंगणातच बसून राहणे किती वाईट दिसते, हे आम्हाला आणि त्यांनाही एकदमच जाणवले. मी उतरून बॉनेट उघडले. टाकीत काडी घालून डिझेल पाहिले, भरपूर होते. फिल्टरमधली हवा काढली, सगळे फ्यूज काढून पुसून परत लावले. बॅटरीकडे पाहिले नाही, कारण ती तुम्ही दिवाळीला नवी टाकली आहे आणि तिच्यावर संशय घेणे म्हणजे तुमच्यावर घेणे. निकिताने आधी पाणी आणले, मग चहा आणला, आणि थोडा वेळ बॉनेटपाशी उभी राहिली. धनराजभाऊंनी दुसऱ्यांदा ‘कळवतो’ म्हणून पाहिले. जीपला त्याचाही उपयोग झाला नाही.

शेवटी ढकलायचे ठरले. मी स्टीअरिंगवर, मागे अण्णा, धनराजभाऊ आणि निकिता. आई देवाचे नाव घेत बाजूने चालत होती. तीन फेऱ्या झाल्या. (नदीच्या बाजूला मी वळलो नाही.) आता मामा, ढकलणाऱ्या माणसाच्या नाकासमोर काय असते? तुम्ही जीपच्या मागे लाल रंगात ‘आई सप्तशृंगी प्रसन्न’ लिहून घेतले आहे, आणि त्याच्याखाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, ‘रुद्र – सायली’.

तिसऱ्या फेरीनंतर धनराजभाऊंनी हात काढले आणि घाम पुसत अण्णांना विचारले, “रुद्र कोन हाय?” अण्णांनी आईकडे पाहिले. “आन् सायली?” अण्णांनी मागच्या चाकाकडे पाहिले. “गाडी घरची म्हन्ता, मंग पोरं कोनाची? आमच्याकडं मानूस गाडीवर सोताच्याच पोरांची नावं टाकतो!” आईने तोंडाला पदर लावला. मला घाम फुटला तो जीपमुळे नव्हे. पाचव्या स्थळी मी बिजवर ठरत होतो, तोही दोन मुलांचा, आणि समोर निकिता उभी होती, हाताला जीपची धूळ.

मी खाली उतरलो आणि सगळे सांगितले. जीप मामांची आहे, मुले मामांची आहेत, आमची स्वतःची एक मोटारसायकल आहे आणि तिला मागे नाव लिहायला जागा नाही. चारचाकी दाखवल्याशिवाय कोणी मुलगी देणार नाही असे वाटले, म्हणून असे केले. आधी निकिताच म्हणाली, “खोटं बोलून जायचं होतं, तर गाडी तरी चालू होणारी आणायची ना!” आणि हसली. या वेळी मला, हे नक्की. मग धनराजभाऊही हसले, अण्णांना टाळी दिली आणि म्हणाले, “चला, आता जेवूनच जा. तशीबी तुमची गाडी लय लाजते.”

जेवण झाले. गवार होती, बाजरीची भाकरी होती. जीप तिथेच ठेवून आम्ही एसटीने परतलो. निघताना धनराजभाऊंनी ‘कळवतो’ म्हटले नाही. “येत्या रविवारी या,” म्हणाले. आईला चपला सापडायला वेळ लागला.

मामींना नमस्कार. आज मी फार आनंदात आहे.

आपला भाचा,
कुंदन

ता. क. : मुद्दा हा, की धनराजभाऊंचा विश्वास बसला आहे, पण पूर्ण नाही. म्हणून रविवारी तुम्ही, मामी, रुद्र आणि सायली अशा चौघांनी सायखेड्याला यावे. मुलांचे आधार कार्ड आणावे. रुद्रने सगळ्यांसमोर तुम्हाला पप्पा आणि मला दादा म्हणावे. वणीच्या यात्रेत त्याने गंमत म्हणून मला पप्पा अशी हाक मारली होती, तसे कृपा करून होऊ नये. त्याला आधी पोटभर खाऊ द्यावा.

दुसरा ता. क. : तिसरी गोष्ट. ‘गाडी जास्त वेळ उभी करायची तर बॅटरीची वायर सोडून ठेव,’ असे तुम्ही सांगितले होते. मी उतरताच सोडली होती. लावायची राहिली. हे रात्री अंथरुणावर आठवले.

तिसरा ता. क. : आत्ताच निकिताचा मेसेज आला. लिहिते, “वायर सुटलेली मला चहा आणला तेव्हाच दिसली होती. पण लावली असती तर तुम्ही गेला असता.”

हिशेब : एसटी व रिक्षा, तिघांचे एकशे ऐंशी. देणे : तुमची जीप, एक. ती आणायची घाई नाही, असे तिकडचे मत आहे.